तेलकट लाकडावर फिनिश वाळत का नाही, आणि धनुष्यावर ते कसं बसवायचं

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलीय. घरी बनवलेलं टेकडाउन रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे सुटे भाग करता येणारं आणि टोकं पुढे वळलेलं, मूठ शिसवीची, तिच्यात मधोमध मेपलची पांढरी पट्टी, लिम्बच्या, म्हणजे वाकणाऱ्या दोन पात्यांच्या, टोकांवर कोकोबोलो या मध्य अमेरिकेतल्या तेलकट लाकडाचे तुकडे, लिम्बवर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास आणि सगळ्यावर ब्रशने ऑइल बेस्ड पॉलियुरेथेनचे तीन हात. बारा दिवस झाले, लिम्ब छान कडक, पण मूठ धरली की बोटांचे ठसे उठतायत आणि टोकंही चिकट. दुकानदार म्हणतो डबा जुना असेल, मित्र म्हणतो पावसाळी हवा आहे, थांब अजून. तुम्ही विचारता की आता वरचं फिनिश कुठलं लावू, आणि मग शेवटी लिहिता की मेपलच्या पट्टीवर मात्र नख रुतत नाही.

डबा खराब असता किंवा हवा नडली असती तर मेपलवरही चिकटच राहिलं असतं ना. एकच डबा, एकच ब्रश, एकच दिवस, आणि दोन लाकडांवर दोन वेगळे निकाल, म्हणजे भानगड लाकडात आहे. अजून महिनाभर थांबलात तरी फारसा फरक पडणार नाही, आणि चौथा हात तर अजिबात मारू नका, खालचा थर कच्चा असताना वरचा कधीच नीट बसत नाही.

असं का होतं ते आधी सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की कुठलं फिनिश चालेल आणि कुठलं नाही हे पुढे कुणाला विचारावं लागत नाही. जवसाचं तेल, टंग ऑइल, धनुष्यवाले वापरतात ते ट्रू-ऑइल, बाजारातली एका डब्यातली तेलाच्या बेसची वार्निशं आणि पॉलियुरेथेन, ही सगळी नुसतं थिनर उडून वाळत नाहीत. थिनर पहिल्या काही तासांत जातं, खरं घट्ट होणं त्यानंतर सुरू होतं, तेल हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. आता शिसवी, शिसम, कोकोबोलो ही सगळी डाल्बर्जिया या एकाच वंशातली भावंडं. यांच्या गाभ्याच्या लाकडात फिनॉल आणि क्विनोन प्रकारची रसायनं भरलेली असतात, झाडाने ती वाळवी आणि बुरशीपासून स्वतःला वाचवायला साठवलेली असतात, आणि यातली बरीचशी अँटिऑक्सिडंट असतात. म्हणजे फिनिशला घट्ट व्हायला रेणू जोडले जाण्याची जी साखळी लागते ती हे पदार्थ सुरू होता होताच तोडतात. लाकडाला लागून असलेला थर कच्चा राहतो. तुमच्या शिसवीत कुठे कडेला फिकट रंगाचं कोवळं लाकूड आलं असेल तर बोट लावून बघा, तिथे बहुतेक बरं वाळलेलं सापडेल, कारण ही रसायनं गाभ्यात असतात.

म्हणून ऑक्सिजनवर अवलंबून असलेलं कुठलंही फिनिश या लाकडांना थेट लावायचं नाही. पॉलिएस्टर फिनिशचंही तेच, तेही अशाच साखळीने घट्ट होतं. याउलट लाख आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फक्त सॉल्व्हंट उडून वाळतात, त्यांना लाकडात काय आहे याचं घेणंदेणं नाही. इपॉक्सी आणि टू-पॅक पीयू, म्हणजे दोन डबे मिसळून लावायचं पॉलियुरेथेन, हार्डनरशी रिॲक्शन होऊन घट्ट होतात, त्यांनाही फरक पडत नाही, तिथे प्रश्न फक्त पकडीचा उरतो. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांत शिसवी पलंग, झोपाळे, कपाटं बघितली असतील तुम्ही, त्यांच्यावर ते खोल चमकदार पॉलिश आहे ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं. जुन्या पॉलिशवाल्यांनी केमिस्ट्री शिकली नव्हती पण शिसवीवर काय बसतं हे त्यांना बरोबर माहीत होतं, आणि आपलं उत्तरही तिथूनच सुरू होतं.

त्याआधी ॲसिटोनबद्दल. सगळीकडे सल्ला मिळतो की ॲसिटोनने पुसून तेल काढा आणि मग काहीही लावा. पुसायचं नक्की, पण त्याने काय होतं ते समजून घ्या. वरचा कणभर थर साफ होतो, आतलं तेल आतच असतं आणि हळूहळू परत वर येत राहतं. ॲसिटोनने तेल संपवायचं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणं. कोकोबोलोवर पांढरं फडकं फिरवा, केशरी होईल, दुसरं घ्या तेही केशरी, दहावं घेतलं तरी थोडा रंग येतोच. तेव्हा फडकं पांढरं निघेपर्यंत घासत बसू नका. पुसण्याचा उपयोग एवढाच की पुढची काही मिनिटं पृष्ठभाग कोरडा मिळतो आणि त्या वेळात सीलर, म्हणजे लाकूड बंद करणारा पहिला थर, बसवून घ्यायचा. रात्री पुसून सकाळी सीलर लावला तर पुसलं न पुसलं सारखंच. चिकटवण्याचंही तसंच, तेलकट लाकडाचा व्हीनियर म्हणजे पातळ काप फायबरग्लासखाली घालायचा असेल किंवा टोकं चिकटवायची असतील तर ताजं घासलेलं, पुसलेलं आणि लगेच इपॉक्सी.

आता आधी हे चिकट काढायचं. तीन गोष्टी करू नका. हीट गन नको, कारण घरच्या तापमानाला सेट होणारे बरेचसे इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात आणि तुमच्या लिम्बचे सगळे थर इपॉक्सीनेच धरलेले आहेत. पेंट रिमूव्हर नको, त्यातला मिथिलीन क्लोराइड इपॉक्सीलाही सोडत नाही. आणि चिकट थरावर थेट पॉलिश पेपर नको, पेपर दोन मिनिटांत गच्च भरतो आणि वरून तो राळ झालेला माल तुम्ही लाकडाच्या छिद्रांत ढकलत बसता.

स्क्रॅपर घ्या. नसेल तर आपले सुतार वापरतात तशी फुटकी काच, नाहीतर कटरचं नवं ब्लेड, दोन्ही हातांनी जवळजवळ उभं धरून रेषांच्या दिशेने ओढायचं. चिकट माल वळ्या होऊन निघतो. मग फडक्याला थोडं एनसी थिनर घेऊन उरलेलं पुसा, ओतू नका, फडकं ओलं हवं, गळणारं नको, आणि ते बोल्टच्या भोकांत किंवा ग्लासच्या कडेला जिथे ग्लू लाइन दिसते तिथे मुरू देऊ नका. लिम्बवरचं फिनिश कडक वाळलंय म्हणता, ते तसंच ठेवा, कोकोबोलोच्या टोकांपाशी मास्किंग टेप लावून फक्त टोकं साफ करा. ग्लासमध्ये तेल नसतं, तिथे काही बिघडलेलंच नाही.

आणि मास्क घाला. हे मी कळकळीने सांगतोय. डाल्बर्जियाच्या धुळीची ॲलर्जी अनेकांना होते, कोकोबोलो त्यात सगळ्यात बदनाम, मनगटावर पुरळ, पापण्या सुजणं, दम लागणं. पहिल्यांदा काही होत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो आणि शरीर हळूहळू संवेदनशील होत जातं, मग एक दिवस नुसत्या धुळीजवळ गेलं तरी त्रास. लाकडाची धूळ एकूणच कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे. एन-९५ किमान, फुल बाह्यांचा शर्ट, आणि काम झालं की आधी आंघोळ, मग घरच्यांशी गप्पा. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करत असाल तर आतलं दार बंद ठेवा, लहान मुलं असतील तर विशेष.

साफ झाल्यावर १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, तिथे थांबा. खूप जण हौसेने ८००-१००० पर्यंत जातात, लाकूड काचेसारखं चमकतं खरं, पण तेलकट लाकडात इतकं गुळगुळीत केलं की घासण्याच्या उष्णतेने तेल वर येऊन पसरतं आणि सीलरला पकडायला काही राहत नाही. पेपर दमला की फेकून नवा घ्या, बोथट पेपर कापत नाही, नुसता तापवतो.

तुमच्या केसमध्ये खरी नाजूक जागा आहे ती मेपलची पट्टी. शिसवीची काळपट जांभळी धूळ मेपलच्या छिद्रांत बसते आणि त्यावर ॲसिटोन फिरवलं की ती रंग होऊन मुरते, पट्टी मळकट दिसते आणि मग आयुष्यभर तशीच. म्हणून पट्टीजवळ शेवटचं काम पेपरने न करता स्क्रॅपरने करा, स्क्रॅपर धूळ करत नाही, बारीक साली काढतो. धूळ फडक्याने पुसू नका, हवेने उडवा, कॉम्प्रेसर नसेल तर कोरडा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम. ॲसिटोनने पुसताना आधी मेपल, पट्टीच्या लांबीने, स्वच्छ फडक्याने एकदाच. मग वेगळ्या फडक्याने शिसवी, पट्टीपासून दूर जाणाऱ्या दिशेने. आडवं कधीच पुसायचं नाही. पडौक हे लालभडक लाकूड असतं तर मी याहून घाबरून काम केलं असतं, त्याचा लाल रंग स्पिरिटमध्ये असा काही सुटतो की एका फटक्यात पांढरी पट्टी गुलाबी.

आता लाख. डीवॅक्स्ड म्हणजे मेण काढलेली लाखच पाहिजे, कारण साध्या चपड्या लाखेत मेण असतं आणि मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास रंग आणि पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानांत पातळ पापुद्र्याची लाख मिळते, मेण काढलेली म्हणून वेगळी मागा. नाहीच मिळाली तर साधी आणून घरी करता येते, काचेच्या बरणीत स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बरणी न हलवता काही दिवस ठेवून द्यायची, मेण ढगासारखं खाली बसतं आणि वर चहासारखा स्वच्छ रंग दिसायला लागतो, तो वरचा भाग सिरिंजने अलगद काढून घ्यायचा. हा माल आपल्या देशातलाच आहे बरं का, पळस, बोर, कोशिंब या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळतो, रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. परदेशातले धनुष्यवाले ज्या सीलरचे छोटे डबे महाग घेतात त्याचा कच्चा माल आपल्याकडे किलोवर मिळतो.

प्रमाण पातळ ठेवा, १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम लाख. लागेल तेवढीच बनवा, विरघळवलेली लाख काही महिन्यांनी वाळेनाशी होते, आणि हे लक्षात आलं नाही तर तुम्ही परत चिकट मूठ घेऊन बसाल आणि दोष शिसवीला द्याल. काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी नखाने खरवडल्यावर ठिसूळ भुकटी निघाली तर ठीक, चिंगम निघालं तर फेकून द्या. स्पिरिट पॉलिशवाल्यांकडचं चालतं पण उघडा डबा असेल तर नका घेऊ, ते हवेतलं पाणी ओढतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल मिळालं तर तेही चालतं.

लावताना पहिला हात मेपलच्या सीमेवर बारीक चित्रकलेच्या ब्रशने. मेपलवर मेपलपुरताच, सुकू द्या, मग शिसवीवर, पट्टीच्या काठापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एकाच दिशेने, परत परत ब्रश न फिरवता. लाखेतलं स्पिरिट शिसवीचा रंग सोडवतंच, पण मेपल आधी बंद झालेलं असल्यामुळे आलेला रंग वर राहतो, आत मुरत नाही. स्प्रे असेल तर कोरडे हलके फवारे सगळ्यात चांगले, ब्रश ओढलाच जात नाही. दोन तासांनी दुसरा हात, आणि दुसऱ्या दिवशी ३२० ने अगदी हलकं घासून तिसरा. बस. लाख इथे जाड थर द्यायला नाही, मधे भिंत म्हणून आहे. वर काही न लावता नुसती लाख ठेवू नका, हाताचा घाम, सॅनिटायझर, पावसाचं पाणी, कशालाच ती टिकत नाही, पांढरे डाग पडतात.

सील करताना लोक मुठीचा दिसणारा भाग सुंदर करतात आणि न दिसणारे विसरतात. बोल्टची भोकं, प्लंजरसाठी, म्हणजे बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीसाठी, पाडलेलं भोक, लिम्ब बसतो तो सपाट खिसा, टोकाला दोरीच्या खाचा. या ठिकाणी लाकडाचे तंतू आडवे कापले जाऊन त्यांची टोकं उघडी पडलेली असतात आणि त्या टोकांतून पाणी बाजूच्या लाकडापेक्षा कितीतरी पटीने वेगात आत जातं. बाहेरून आरसा आणि भोकातून ओल, मग भोकातल्या धातूच्या बुशभोवती फिनिश उचकटायला लागतं. कापसाच्या काडीने भोकांत लाख फिरवा, दोन-तीनदा. दोरीच्या खाचांना मी लाखेऐवजी पातळ सुपरग्लू देतो, तुमच्या कोकोबोलोच्या टोकांनाही तेच करा, तुकडे एवढेसे असतात, ॲसिटोनने पुसलं की लगेच दोन-तीन थेंब, प्लॅस्टिकच्या तुकड्याने पसरवायचं, सुकलं की घासून परत. सुपरग्लू तेलकट लाकडावर व्यवस्थित सेट होतो आणि खाचेत दोरीचं घर्षणही सहन करतो. धूर डोळ्यांत जातो, तोंड लांब ठेवा.

शिसवीची छिद्रं मोठी असतात, वर आरशासारखं फिनिश हवं असेल तर ती भरावी लागतात. तेलाच्या बेसचा ग्रेन फिलर, म्हणजे छिद्रं भरायची लुकण, वापरू नका, तीच रड परत. पातळ इपॉक्सी जुन्या एटीएम कार्डाने ओढून बसवायचं आणि कडक झाल्यावर पृष्ठभागापर्यंत घासून टाकायचं, छिद्रांत राहील तेवढंच ठेवायचं. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणासारखा चिकट पडदा येतो, तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मग पेपर. मला स्वतःला मुठीवर उघडी छिद्रं आवडतात, हातात लाकूड धरल्यासारखं वाटतं आणि घामाने सटकत नाही.

वरचं फिनिश काय, हा तुमचा मूळ प्रश्न होता. तुम्ही वापरलेलाच डबा वापरा. खरंच. त्यात काही वाईट नाही, लाखेची भिंत मधे आली की तो शिसवीवरही मेपलसारखाच वाळेल. पहिला हात थोडं टर्पेंटाइन घालून पातळ, मग तीन हात, प्रत्येकाच्या मधे एक दिवस आणि ३२०-४०० ने हलकं घासणं. बाहेरच्या वापराचं स्पार प्रकारचं वार्निश मिळालं तर अजून चांगलं, ते जरा लवचिक राहतं आणि त्यात ऊन थोपवणारे घटक असतात.

टू-पॅक पीयू जास्त टिकाऊ यात वाद नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना ते श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, साधा एन-९५ त्याला पुरत नाही, आणि सोसायटीच्या बाल्कनीत तो फवारणं म्हणजे शेजाऱ्यांच्याही फुफ्फुसात घालणं. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडे बूथ असेल तर त्याच्याकडून मारून घ्या. त्याला सांगायचं की खाली शिसवी आहे, जाड लाखेवर मारू नको, थिनर कडक असतं, सुरकुत्या पडतात. एकतर लाखेचा एकच पातळ हात किंवा सरळ घासून-पुसून त्याच कंपनीचा पीयू सीलर. एनसी लॅकर किंवा मेलामाइन मुठीवर चालतील, पण लिम्बवर नको, प्रत्येक बाणाला लिम्ब वाकतो आणि ठिसूळ फिनिशला काही महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा जातात. फर्निचर आणि धनुष्य यांत हाच फरक आहे, टेबल वाकत नाही. म्हणून पुढच्या वेळी लिम्बच्या फिनिशची चाचणी त्याच थरांच्या उरलेल्या पातळ पट्टीवर करा, आठवडाभर ठेवून गुडघ्यावर वाकवून बघा, टॉर्चच्या तिरप्या उजेडात तडे लगेच दिसतात. आणि टोकांकडे थर जाड करू नका, टोकाला चढलेलं वजन बाणाचा वेग खातं.

पाण्याच्या बेसचं पॉलियुरेथेन तेलकट लाकडावर थेंब थेंब होऊन पळतं, पण लाखेवर व्यवस्थित बसतं. वास कमी, फ्लॅटमध्ये सोयीचं, शिसवीवर मात्र जरा निर्जीव दिसतं असं माझं मत.

पुण्याच्या हवेबद्दल तुमचा मित्र पूर्ण चुकीचा नाही. शिसवीचं कारण वेगळं असलं तरी जून ते सप्टेंबर इथे लाखेचं काम जपूनच करावं लागतं. स्पिरिट किंवा ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि लाख पांढुरकी होते. टू-पॅकमध्ये तोच ओलावा हार्डनरशी रिॲक्शन करून बुडबुडे काढतो. शे-दोनशे रुपयांत आर्द्रता मापक मिळतो, घ्या एक, ६५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी बाटली उघडू नका. घाई असेल तर जुन्या कपाटात किंवा मोठ्या खोक्यात ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावा, खाली-वर दोन भोकं, धनुष्य बल्बपासून लांब टांगलेलं, आत ३५ अंशांच्या आसपास ठेवा. नाहीतर सरळ दसऱ्यानंतर करा, ऑक्टोबरची कोरडी गरम हवा या कामाला वर्षातली सगळ्यात छान.

हाच ओलावा लाकडात काय करतो तेही बघा. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत, म्हणजे आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी, लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं आणि ८० टक्क्यांत ते १५-१६ पर्यंत जातं. तुमच्या ग्लास लॅमिनेटेड लिम्बला याचा फारसा त्रास नाही, पण पूर्ण लाकडी धनुष्य बनवणाऱ्यांना आहे, ओलं लाकूड वाकून राहतं आणि पाउंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, उतरतं. कुठलंही फिनिश वाफ पूर्ण अडवत नाही, फक्त वेग कमी करतं. बांबूची पाठ (निशाण्याकडची बाजू) आणि इपे या दक्षिण अमेरिकेतल्या कठीण लाकडाचं पोट (तुमच्याकडची बाजू) अशा धनुष्यात म्हणूनच दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, इपेला आधी लाख आणि बांबूलाही तीच. इपेच्या छिद्रांत पिवळी भुकटी दिसली तर घाबरू नका, ती त्याचीच असते, साबणाच्या पाण्याने धुवायला जाऊ नका, ती लालसर होते. सागाचीही तक्रार साधारण शिसवीसारखीच, म्हणून जुन्या दारांवरचा उपायही तोच. धामण वापरणारे सुखी आहेत, आपल्याकडचं धनुष्याचं जुनं लाकूड, चिवट आणि तेलकटही नाही, त्यावर थेट तेल चालतं.

पुण्यात आर्चरी शिकवणारे बरेच आहेत, पण स्पर्धेच्या रिकर्व्हचे रायझर, म्हणजे मुठीचे भाग, आता ॲल्युमिनियम आणि कार्बनचे असतात, त्यामुळे रेंजवर हा प्रश्न विचारून उत्तर मिळणं कठीण. टिंबर मार्केटमध्ये एखादा जुना शिसवीवाला गाठलात तर जास्त कळेल. शिसवी घेताना बिल घेऊन ठेवा, डाल्बर्जियाची सगळी लाकडं २०१७ च्या जानेवारीपासून साइट्स या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, पुढे धनुष्य बाहेरच्या देशात कुणाला पाठवायचं झालं तर कागद लागू शकतात.

शेवटचा हात मारल्यावर किमान दोन आठवडे मुठीला लेदर गुंडाळू नका, धनुष्य पिशवीत घालू नका, रबराच्या किंवा फोमच्या स्टँडवर टेकवू नका, कोवळ्या फिनिशवर त्याचे ठसे कायमचे बसतात. तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल घट्ट होताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि उन्हाळ्यात धनुष्य बंद गाडीत कधीच नको, वर इपॉक्सीचं सांगितलं त्याच कारणासाठी.

या रविवारी स्क्रॅप करून २२० पर्यंत आलात की लाख लावायच्या आधी मुठीचे दोन फोटो टाका, एक सरळ उजेडात, एक तिरप्या. मेपलच्या काठाला जांभळट छटा असेल तर त्यात दिसेल, आणि तेव्हा ती स्क्रॅपरच्या दोन ओढीत काढता येते.